रातांब्याच्या वतीनं

कुणकेश्वर,
११ फेब्रुवारी १९५८

यांस,

'तीर्थरूप स्वामींचे सेवेशी' असं वर लिहायचा रिवाज आहे आणि लग्न झाल्यापासून मी तो पाळला. या पत्रापासून सोडते. सेवेला दुसरी बघितलीत असं कळलं, तेव्हा ते शब्द तिच्यासाठी राखून ठेवा.

विठोबाभावजी परवा मुंबईच्या बोटीनं आले. तुमचा निरोप तोंडीच आणला, लिहायची तुम्हाला लाज वाटली असावी. पडवीत बसले, चहा घेतला, दोनदा खाकरले आणि मग म्हणाले, "वयनी, दादाचो इचार असो आसा..." विचार असा, की फोंडाघाटच्या एका घरातली मुलगी पसंत आहे, मार्गशीर्षात लग्न करायचं आहे, आणि त्याआधी मी देवीसमोर चारचौघांत 'माझी हरकत नाही' असं म्हणून विजयदुर्गला भावाकडे निघून जायचं आहे. खुशीनं. हा 'खुशीनं' भावजींनी इतक्या वेळा घोळवला की शेवटी त्यांनाच हसू आलं. आता कायदा आला आहे ना, पहिली नांदत असताना दुसरी आणली तर तुरुंग. म्हणून पहिलीनं खुशीनं नांदायचं सोडायचं.

उत्तर सोपं आहे. मी जाणार नाही, आणि तसं म्हणणारही नाही.

मूल नाही म्हणून हे सगळं, ते मला कळतं. मला तुम्ही मालवणला डॉक्टरीणबाईंकडे नेलंत, वैदूचा पाला पाजलात, नवस बोललात, कंबरेला ताईत बांधलात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हिच्यात मला दोष दिसत नाही. पुढच्या वेळी यजमानांना घेऊन या." सासूबाई बाकावर शेजारीच होत्या. पहिलं वाक्य त्यांना पटलं नाही आणि दुसरं त्यांनी ऐकलंच नाही. तुम्ही बाहेर विडी ओढत होतात. पुढची वेळ काही आली नाही.

आता झाडाचं सांगते. परसात विहिरीशेजारचं कोकमाचं झाड, आपला रातांबा, सध्या कळ्यांनी भरून गेला आहे. दर वर्षी असाच भरतो, फुलतो, आणि वैशाखात खाली एक फळ पडत नाही. कोकमं आपण शेजारच्या सावित्रीकाकूंकडून आणतो. सासूबाई त्या झाडाला 'वांझ' म्हणतात. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, तुम्ही मुंबईला होतात तेव्हा, त्यांनी झाडाला धाक घालायचं ठरवलं. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. एकानं खोडावर कोयत्याचा हलका घाव घालून विचारायचं, धरतोस की तोडू? आणि दुसऱ्या माणसानं झाडाला पाठ लावून उभं राहून झाडाच्या वतीनं कबूल व्हायचं. कोयता सासूबाईंच्या हातात. दुसरं माणूस म्हणून मला उभं केलं. वाडीतल्या बायका बघायला जमल्या.

"धरतलंस काय तोडू?"

"धरतलंय," मी म्हटलं.

"मोठ्यान बोल गो! झाडाक ऐकाक येवंक होया."

"धरतलंय!"

"कधी?"

"येत्या सालाक."

बायका हसल्या. मीही हसले, मला तो खेळच वाटला होता. रात्री जेवताना सासूबाई माझ्या ताटात दोन घास जास्त वाढून म्हणाल्या, "कबूल झालंस हा. विसरा नको." तेव्हा कळलं की प्रश्न झाडाला नव्हता. आता मला तसंच उभं करून दुसरं उत्तर वदवून घ्यायचं आहे. एकदा वदले, तेवढं पुरे झालं.

माझे बाबा विजयदुर्गाकडच्या बागांतून कलमं बांधत फिरायचे, हे लग्न ठरताना तुमच्याकडच्यांनी नाक मुरडून विचारलं होतं. त्यांनी मला सातवीपर्यंत शाळा शिकवली आणि चाकू धरायलाही शिकवलं. ते म्हणायचे, झाडाचं काही विचारायचं असेल तर कळीला विचार. काल मी आपल्या रातांब्याची एक कळी नखानं उकलली. आत नुसते पिवळे केसर, दाटीवाटीनं. मध्ये काही नाही. मग सावित्रीकाकूंच्या झाडाची कळी आणून उकलली. तिच्या मधोमध एक हिरवी गाठ, मोहरीपेक्षा थोडी मोठी. रातांबा होतो तो त्या गाठीचा.

आपलं झाड वांझ नाही हो. ते नर आहे. रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. फळ दिसलं नाही म्हणून तुमच्या घरानं त्याला बाईचं नाव ठेवलं आणि मोकळे झाले. तो पुरुष असेल असं इतक्या वर्षांत कुणाच्या मनातही आलं नाही.

यापुढचं मी लिहीत नाही. तुम्ही मॅट्रिक झालेले आहात. मुंबईत डॉक्टर पुष्कळ आहेत, मुलगी बघायला गेलात तसे एकदा तिथेही जाऊन या.

भावजींबरोबर सुकट पाठवते आहे. निवडलेली आहे, तशीच भाजली तरी चालेल.

नर्मदा

कुणकेश्वर,
६ एप्रिल १९५८

यांस,

तुमच्या कानावर एव्हाना गेलंच असेल, पण सांगणारानं त्यात मीठमसाला घातला असणार. म्हणून जसं झालं तसं कळवते.

सासूबाईंनी सोमवारी देवळात कौल लावला. मी गेले. न गेले असते तर भ्यायली म्हणाले असते. शिवा गुरवानं देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावल्या, उजव्या खांद्यावर आणि डाव्या खांद्यावर, आणि गाऱ्हाणं घातलं. "बाय देवी माये, ह्या घराचो वंश पुढे जावंक नाय. झिलाचा दुसरा लगीन करूचा मनात आसा. तुझो हुकूम आसात तर उजवी दी." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि सगळे कळ्यांकडे बघत राहिले. मीही बघत होते.

उजवी पडली.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "देवीन हुकूम दिल्यान. आता तू बोल गो. तुझी हरकत नाय मां?"

मी म्हटलं, "देवी बोलली, आता माझा काय विचारतास? पण माका पण देवीक एक विचारूचा आसा." आणि कुणी नको म्हणायच्या आत हात जोडून स्वतःच गाऱ्हाणं घातलं. आवाज चढवूनच घातलं. "बाय देवी माये, ज्या झिलाचा लगीन करूचा आसा, तेका आधी मुंबैत डागतराक दाखवूचो असो तुझो हुकूम आसात तर उजवी दी!"

आणि सवयीनं, तोंडाला वळणच पडलेलं, अर्धं देऊळ म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर ज्याच्या त्याच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. कौलासाठी मुद्दाम आलेल्या विठोबाभावजींनी तर जीभच चावली. सासूबाई ओरडल्या, "शिवा, ह्या गाऱ्हाणा न्हय! कळ्यो लावू नको!" शिवा बिचारा ओल्या कळ्या हातात घेऊन उभा. मग म्हणाला, "गे आये, व्हय म्हाराजा झाला. आता लावल्याबिगर माका गत नाय." आणि लावल्या.

या खेपेला वेळ लागला. लोक जांभया द्यायला लागले. पोरं बाहेर पळाली. आणि पडली ती उजवीच.

"वाऱ्यान पडली!" सासूबाई म्हणाल्या.

"आये, तुमची पण त्याच वाऱ्यान पडली," मी म्हटलं.

त्यानंतर सासूबाई माझ्याशी अजून बोललेल्या नाहीत. पण त्या माझ्या बाजूनं नसल्या तरी देवीच्या बाजूनं आहेत, आणि तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. कौल मोडणं त्यांच्या हातून होणार नाही.

ओली कळी वाळली की पडते, हे मला ठाऊक आहे. त्यात देवी किती आणि वारा किती, मी सांगू शकत नाही. पण तुमचा कौल खरा धरायचा असेल तर माझाही धरावा लागेल. आधी डॉक्टर, मग फोंडाघाट.

नर्मदा

कुणकेश्वर,
२१ सप्टेंबर १९५८

यांस,

तुमचं पत्र पावसाआधीच मिळालं होतं, उत्तर आता देते. 'चारचौघांत अब्रू काढलीस' हे वाचलं. माझी काढायचा बेतही चारचौघांतच होता, त्याबद्दल काही लिहिलेलं दिसलं नाही. 'ते वांझ झाड तोडून टाका, सगळं त्याच्यापासून सुरू झालं' हेही वाचलं. सासूबाईंना ते वाचून दाखवलं, गाळलं नाही.

पहिल्यांदा सासूबाईंचा मजकूर लिहिते. त्या चुलीशी बसून सांगताहेत आणि मी जसंच्या तसं उतरवते आहे.

"रे बाबा, तुझी आवस सांगता ता आयक. दोन कौल झाले. माझो झालो तसो तिचोय झालो. देवीचो कौल अर्धो पाळूक गावणा नाय. तू डागतराकडे जा आणि मगे लगीन कर. फोंड्याच्या लोकांक सांग, जरा थांबा. डागतर काय बोललो ता कळव. आणि परसातल्या झाडाचा हिना काय मांडल्यान हा ता माका कळना नाय. झाडाक केळीच्यो पट्ट्यो बांधल्यान हत. गाव हसता."

शेवटची वाक्यंसुद्धा मी लिहिली आहेत, बघा.

तुमच्या पत्रापाठोपाठच झाड तोडायला माणसं आली होती. मी त्यांना म्हटलं, तोडा, पण छातीइतकं ठेवा आणि विहिरीकडची एक फांदी तशीच राहू द्या. पावसात खोडाला चहूकडून धुमारे फुटले. श्रावणात मी सावित्रीकाकूंच्या धरणाऱ्या झाडाचे डोळे काढून त्या धुमाऱ्यांत भरले. पानाच्या बगलेत निजलेली बारीक कळी असते ना, तिला बागेत डोळा म्हणतात. सालीच्या कपच्यासकट तो चाकूनं उचलायचा, धुमाऱ्याच्या सालीला चीर देऊन आत सरकवायचा, आणि केळीच्या सोपटानं बांधायचा, फक्त डोळा उघडा ठेवून. बाबा गुलाबाला, बोरीला भरायचे. रातांब्याच्या नादी लागू नको म्हणायचे, त्याचा पिवळा चीक डोळा धरू देत नाही. झालंही तसंच. पहिले सगळे काळे पडून गेले. मी चीक पुसून, पुन्हा पुसून, दुसऱ्यांदा भरले. काल त्यातल्या काही डोळ्यांशी राखलेल्या पानाच्या देठाला बोट लावलं तर देठ आपसूक गळून पडला. वाळून चिकटून बसला तर डोळा मेला, अलगद गळला तर जगला. माझे चार जगले आहेत.

पडवीत नव्या शाळेच्या सुशीलाबाई भाड्यानं राहतात, हे मागे लिहिलं होतं. त्या कसल्याशा परीक्षेला बसताहेत. परवा कंदिलाशी मोठ्यानं वाचत होत्या, मी तांदूळ निवडत होते. गोड्या पाण्यात एक हायड्रा म्हणून जीव असतो. एवढासा, दोऱ्यासारखा. त्याच्या अंगाला कुशीजवळ एक उंचवटा येतो, तो वाढतो, त्याला तोंड फुटतं, आणि तो सुटून वेगळा हायड्रा होतो. याला पुस्तकात मुकुलन म्हणतात.

"म्हणजे घोवाबिगर?" सासूबाईंनी आतून विचारलं. त्यांचं लक्ष आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"हो, आजी. नर लागत नाही."

"शिरा पडो त्या पुस्तकार! काय काय शिकवतत!"

आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. मग मी सुशीलाबाईंना म्हटलं, तुमच्या पुस्तकातला हा एकच जीव शहाणा, त्याला कौल लावावा लागत नाही. पण अंथरुणावर पडल्यावर हसू गेलं. आठवून बघा, मला आजवर कुणी 'मूल का नाही' असं सरळ विचारलेलं नाही. 'काय गो, अंकुर काय फुटलो?' 'वंशवेलीर फूल कधी येतला?' 'ह्या झाडाक पालवी कधी?' सगळी भाषा बागेतली. आणि बागेतलं कुणाला काही ठाऊक नाही. फांदी बघून जमिनीला शिव्या देतात, बी कसं होतं ते विचारत नाहीत.

मला राग येतो तुमचा. फार येतो. आणि तरी गेल्या महिन्यात दर्यात कुठलंसं जहाज भोंगा वाजवून गेलं, तर पावसात बोट नसते हे माहीत असून मी अंगणात जाऊन उभी राहिले. हे तुम्हाला कळवायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

नर्मदा

कुणकेश्वर,
२ फेब्रुवारी १९५९

यांस,

'लग्नाचा विचार सोडला आहे. कारण विचारू नये.'

एवढंच पत्र. एका कार्डावर. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उठून गुरांना चारा घालायला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाडीत सांगितलं की फोंड्याच्या मुलीची पत्रिका जुळली नाही.

कारण विचारत नाही. मला कळलं. कळल्यावर मी विहिरीशी जाऊन रडले, आणि ते मी जिंकले म्हणून नव्हे. मूल मलाही हवं होतं. हे मला कुणी विचारलं नाही, म्हणून सांगायचं राहून गेलं. तुम्ही त्या कार्डावर 'नर्मदे, असं असं आहे' एवढं लिहिलं असतंत, तर मी दुसऱ्या दिवशीच्या बोटीत बसले असते. तुम्ही त्या खोलीत एकटे बसून काय करत असाल, या विचारानं जेवण जात नव्हतं. पण तुम्ही मला 'विचारू नये' म्हणालात. मग माझंही मन घट्ट झालं.

गेल्या आठवड्यात विठोबाभावजींच्या मुलाचं बारसं झालं. सासूबाई म्हणाल्या, "तू मागीलदारी रव. जेवणाचा बघ." मी नवं लुगडं नेसून पुढल्या दारानं गेले आणि पाळण्याशी बसले. बाळाची आई रुक्मिणी चांगली आहे, तिनं स्वतः उचलून बाळ माझ्या मांडीवर दिलं. किती गरम असतं हो ते एवढंसं अंग! मी त्याच्या टाळूवर हात ठेवला, एवढ्यात सावित्रीकाकूंनी ते उचलून घेतलं. "दी हय. तुझी नदर नको." सगळ्या बायका पाळण्याकडे बघायला लागल्या, माझ्याकडे कुणी बघेना.

माझ्या तोंडात एक वाक्य होतं. ते बोलले असते तर सावित्रीकाकूंच्या हातातून बाळ पडायचंच बाकी राहिलं असतं. बोलले नाही. दया म्हणून नाही, असं समजू नका. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणूनही नाही. ते वाक्य तुमचं आहे. तुमचं वाक्य मी का बोलू? मी एकदा झाडाच्या वतीनं बोलले, त्याचं काय झालं ते आठवतं आहे.

आईला एक ओळ लिहा. तिचं पत्र मीच वाचते, ही तुमची अडचण मला समजते. वाचताना आवाज कापणार नाही याची हमी देते. अक्षर न् अक्षर वाचीन.

झाड बरं आहे. जगलेल्या डोळ्यांना पानं आली आहेत, नवी, तांबूस. गाव अजून हसतं.

नर्मदा

कुणकेश्वर,
२९ एप्रिल १९६२

यांस,

तीन वर्षं आला नाहीत. शिमग्याला नाही, गणपतीला नाही, सासूबाई पडल्या तेव्हाही नाही. आणि आता पत्र, की नोकरी सोडून कायमचे गावी येतो, वय होत चाललं, मुंबईचं पाणी सोसत नाही, 'मागचं दोघांनी विसरून जाऊ.'

तुमच्यापाशी विसरण्यासारखं काय काय आहे मला माहीत नाही. माझ्यापाशी विसरण्यासारखं काही नाही. मी इथेच होते.

आधी इथली हकिगत. रातांबा धरला आहे. माझ्या चार फांद्यांवर लालभडक रातांबे लोंबताहेत. पहिले पिकलेले सासूबाईंच्या हातावर ठेवले. त्यांनी एक फोडून चोखला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "आंबट आसा." मग दुसरा फोडला. मग तिसरा. नंतर अंगणात चटई पसरून स्वतः सालींची सोलं वाळत घालायला बसल्या. बघायला सारी वाडी येऊन गेली. आता ज्याच्या त्याच्या घरून बोलावणं येतं, वयनी, आमच्या झाडाला डोळे भरून द्या. सावित्रीकाकूंचा निरोपही आला होता, त्यांच्या बोरीसाठी. गेले. भरून दिले, जगलेही. 'नर्मदेच्या हाताक येस आसा,' असं म्हणतात, आणि पाठ वळली की त्याच तोंडानं वांझ म्हणतात. दोन्ही एकाच तोंडात कसं मावतं, कुणास ठाऊक.

विहिरीकडची जुनी फांदी मी राखली होती, ती तशीच आहे. तिच्यावर डोळा भरला नाही आणि भरणारही नाही. दर वर्षी ती कळ्यांनी भरते, फुलते, तिला फळ येत नाही. मला ती आवडते. आमच्या झाडावर नर फांदी आहे आणि तिला कुणी नावं ठेवलेली मी खपवून घेत नाही. वाडीतल्या पोरांना सांगून ठेवलं आहे, तिच्यावर दगड मारायचा नाही. हे तुम्ही नीट वाचावं म्हणून लिहिलं आहे. फळ नसणं हा गुन्हा मी कधीच धरला नाही, ना झाडाचा, ना तुमचा. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. फळ नव्हतं तुमच्याकडे, आणि कोयता इतकी वर्षं माझ्या मानेवर आहे. तुम्हाला ते ठाऊक झालं त्या दिवसापासून तरी तो उचलायला हवा होता. तुम्ही कार्ड लिहिलंत.

तर या. घर तुमचं आहे, मी नाही म्हणत नाही. पावसामुळे बोट बंद व्हायच्या आत या. पण उंबरा ओलांडायच्या आधी पायांवर पाणी घेऊन सरळ परसात यायचं. तिथे बायका असतील, मी बोलावलेल्या. सावित्रीकाकूंना पुढे बसवीन. सासूबाईंना खुर्ची टाकीन. शिवा गुरवही येतो म्हणाला आहे, तो म्हणतो ही रीत मोडायची नसते.

तुम्ही रातांब्याला पाठ लावून उभं राहायचं, मी उभी राहिले होते तसं. या खेपेला कोयता माझ्या हातात असेल. भिऊ नका, खोडावर हलकाच घालीन, झाड माझं लाडकं आहे. आणि मी विचारीन, "ह्या घरात कोण धरूक नाय?"

तुम्ही उत्तर द्यायचं. झाडाच्या वतीनं नाही, स्वतःच्या.

एवढं झालं की कोयता ठेवीन आणि पानं घेईन. बांगड्याचं तिखलं करीन, तुम्हाला आवडतं तसं, तिरफळं घालून, वर आपल्याच झाडाच्या सोलांची कढी. जेवून तुम्ही पडवीत पडा. पुढे किती वर्षं आहेत तेवढी दोघं मिळून काढू, मी कधी एका शब्दानं ते पुन्हा काढणार नाही. माझ्या शब्दाला तुम्ही ओळखता. आणि जमत नसेल तर बोट परत जातेच, तिच्यात बसा. माझं काही अडलेलं नाही.

उत्तर देताना मोठ्यानं बोला. सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं.

नर्मदा